वळणावरची पाटी

"भिंतीला कान असावेत, तोंड नसावं," असा घाटातला नियम होता, आणि त्यावर प्रश्न विचारायचा नाही, हाही नियमच होता. फार पूर्वी, गाड्या नुकत्याच वाऱ्यासारख्या धावू लागल्या तेव्हाची ही गोष्ट.

वळणावरच्या कातळावर एक नवी पाटी बसवली होती. तिच्या अंगावरचे शेकडो चौकोन दूरच्या मनोऱ्याकडून आलेली हाकेची लहर हवी तिकडे वळवू शकत. पण कातळकाकांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ऐकायचं आणि गप्प बसायचं, पोरी."

एका सकाळी बोगद्याच्या तोंडाशी दरड कोसळली. मनोरा गाडीला हाका मारू लागला, पण मध्ये कातळ होता. हाक पोचेना आणि गाडी तर सुसाट येत होती.

पाटीने कुणाला विचारलं नाही. गाडी सरकेल तशी मनोऱ्याची हाक ती गाडीकडे वळवत राहिली. दगडांपासून चार हातांवर गाडी थांबली.

"पाटीताई, तुझ्यामुळे आज माझी माणसं घरी जातील," गाडी धापा टाकत म्हणाली.

"हाक मनोऱ्याची होती गं. त्याचे उपकार मान."

"आम्ही कधी इकडचं तिकडे केलं नाही," बोगदेआजोबा गुरगुरले. "हिला तोंड फुटलं."

"तुम्हाला तर दोन आहेत, आजोबा. तुम्ही गाड्यांना वाट देता, त्याबद्दल मी तुमची आभारीच आहे. पण पुढच्या गाडीलाही मी हाक पोचवणार. हे तुमचं मी ऐकणार नाही."