मोटेवरचं गाणं

अरे, ऐका तर खरं! राघोगिरी महाराज त्या वर्षी बोरखडीला मुक्कामाला होते. देवळामागे जाईची बाग, बागेत खोल विहीर आणि जाईच्या मांडवाखाली एक घोंगडी. झालं, एवढाच महाराजांचा संसार!

त्या विहिरीवर गेनू मोट हाकायचा. कातड्याची केवढी थोरली मोट! तिचा नाडा बैलांच्या जुवाला बांधलेला. बैल उतारावरून खाली चालले की मोट भरून वर, आणि पाणी भळाळत पाटात. गेनूला अक्षरओळख नाही. पण बैल हाकताना गायचा, तेही स्वतःच रचलेलं.

"चल माझ्या ढवळ्या रं, पाय उचल बिगी बिगी,
देव माझा तान्हेला, हुबा जाईच्या बागी!"

हे ऐकलं की महाराज डोळे मिटून डोलायचे. म्हणायचे, "माझी पूजा झाली बघा!"

देवळाचा कारभार होता त्र्यंबकशास्त्र्यांकडे. व्याकरण असं पाठ, की समोरचा बोलायलाच घाबरायचा! एक दिवस ते बागेत आले आणि कानांवर हात ठेवून ओरडले, "तान्हेला? हुबा? गेन्या, देवाच्या बागेत असलं अशुद्ध बरळतोस? आणि देवाला कसली रे तहान?"

"चुकलं असंल शास्त्रीबुवा, पर बैलांना असंच लागतं..."

"बैलांना! म्हणजे तुझे श्रोते बैल!" सोबतची मंडळी खो-खो हसली. शास्त्र्यांनी गेनूला पिंडीवर हात ठेवायला लावला. देवाची शपथ घातली, की यापुढे अशुद्ध शब्द तोंडातून काढणार नाही. काढलास तर मोट सोडायची. मग स्वतः गाणं शुद्ध करून दिलं.

"चल धवला वृषभा, शीघ्र चरण उचल,
तृषार्त देव माझा, उपवनी निश्चल."

एक चूक शोधून दाखवा! गेनूने रात्रभर घोकलं बिचाऱ्याने. सकाळी सगळं गाव बघायला जमलं. मोट विहिरीत बुडाली, गेनूने तोंड उघडलं, 'चल धवला वृषभा...' आणि बैल ढिम्म! कानसुद्धा हलवेनात. दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. बैल आपले रवंथ करतायत! गेनूच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणंही गेलं आणि आता मोटही जाणार.

"अरे, उच्चार नीट कर! असं म्हण," म्हणत शास्त्री विहिरीच्या ओल्या दगडावर चढले, हात उंचावला, आणि पाय सटकला. धप्पकन विहिरीत!

एकच आरडाओरडा झाला! पायऱ्या कधीच ढासळलेल्या, कडेला धरायला कपार नाही. शास्त्र्यांनी कशीबशी मोटेची कड पकडली. आता मोट वर ओढली तरच माणूस वाचणार. पण किंचाळण्याने बैल बुजले होते, चाबूक मारला तरी हलेनात. सगळे गेनूकडे बघायला लागले. गेनू मांडवाकडे वळला.

"महाराज, देवाची शपथ हाय मला! कसा गाऊ?"

महाराज मांडवाखालून म्हणाले, "शपथ शास्त्रीबुवांनी घातली रे, देवाने नाही. गा बाळा!"

आणि खालून विहिरीतून आवाज आला, "गेन्या, गा रे! कसंही गा! अशुद्ध गा, पण लवकर गा!"

आणि गेनूने सूर लावला. "चल माझ्या ढवळ्या रं..." काय सांगू! बैलांनी माना हलवल्या आणि निघाले की उतारावरून! मोट वर येऊ लागली, शास्त्री मोटेला लोंबकळलेले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "नाडा तुटतोय!" तीन पेडांतला एक तुटला, दुसरा तुटला आणि अर्ध्यावर असताना तिसराही काडकन तुटला!

पण मोट थांबली नाही. नाड्याच्या दोन टोकांत वीतभर अंतर, मध्ये काही नाही, नुसती हवा. गेनू गातोय, बैल चालतायत आणि मोट वर येतेय! शास्त्र्यांचे पाय दगडाला लागले, लोकांनी त्यांना ओढून घेतलं आणि मग कुठे मोट धाडकन खाली गेली.

सगळे मांडवाकडे धावले. महाराज घोंगडीवर तसेच बसलेले, जागचे हललेही नव्हते. पण दोन्ही तळहातांवर लालभडक वळ उठले होते आणि कातडीत नाड्याचे धागे रुतलेले!

ओलेचिंब शास्त्री कापत म्हणाले, "महाराज, माझ्या रचनेत एकही चूक नव्हती हो..."

"नव्हतीच," महाराज हसले. "तुमचं गाणं म्हणजे चिरेबंदी बांधलेली विहीर. बांधकाम लागतंच, ते नसेल तर विहीर ढासळते. पण शास्त्रीबुवा, पाणी होतं ते गेनूच्या गाण्यात. त्याने जिवातून हाक मारली, म्हणून मला नाडा धरावा लागला."

शास्त्री पाया पडायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि गेनूकडे बोट केलं.

"अहो, नगं नगं, शास्त्रीबुवा!" गेनू मागे सरकला. "पाय चिखलानं भरल्यात माझं!"

"असू दे," शास्त्री म्हणाले, "हुबा राहा जरा."

आणि सगळं व्याकरण ज्यात मावलं होतं ते डोकं गेनूच्या चिखलभरल्या पायांवर टेकलं. काय जयजयकार झाला म्हणून सांगू! म्हणा रे सगळे, जोरात म्हणा, राघोगिरी महाराज की जय!