दोघांचं पान

"म्हणजे माझ्या बापानं माझ्या घरी यायचं की नाही, हे तुम्ही ठरवणार?"

रणधीर धुमाळनं असं तोंडावर विचारलं, तेव्हा नागनाथबुवा द्रोण पुसत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

मी चुलीपाशी होते. मठाचा स्वयंपाक माझ्याकडं असतो, त्यामुळं ओसरीवरचं सगळं मला ऐकू येतं. ऐकायचं नसलं तरी येतं.

"मी कोण ठरवणार?" बुवा म्हणाले. "मी त्याला बोलावलं नव्हतं. पाठवणारही नाही."

"मग निदान सांगा तरी! अण्णा तुमचा शब्द मोडायचे नाहीत."

"म्हणून तर सांगत नाही."

रणधीरनं दात आवळले. चप्पल काढून आला होता, पण उभा होता असा, की जणू ओसरी त्याच्याच मालकीची.

तसा तो बुवांचाच चेला. पोरवयात इथंच मृदंग शिकला, इथल्याच विहिरीत पोहला. आता तालुक्याला ट्रॅक्टरची एजन्सी आहे, पुढं-मागं चार माणसं आहेत. हात सढळ आहे, खोटं कशाला बोलू? मठाच्या मंडपावर पत्रे त्यानंच घातले. गावातल्या निवृत्त फौजींचा दिवाळीत सत्कार करायचा, ही टूमही त्याचीच. आमचं गाव फौजींचं. घरटी एक माणूस पलटणीत. तेव्हा गेल्या वर्षी सत्काराला ही गर्दी!

आणि त्या गर्दीतनंच त्याचा बाप उठून आमच्याकडं आला.

सर्जेराव धुमाळ. निवृत्त हवालदार. गेल्या धनत्रयोदशीला खांद्यावर सत्काराची शाल, हातात नारळ, तसाच डोंगर चढून वर आला. नारळ देवापुढं ठेवला. शाल माझ्या हातात दिली न् म्हणाला, "कशालाही वापरा." मग गोठ्याशेजारच्या खोलीत जो राहिला, तो वर्षभर खाली उतरला नाही.

बायको अधनंमधनं वर येई. दोघं पायरीवर बसत. बोलणं असं काही नसेच.

आता परत दिवाळी आली होती. आज वसुबारस, उद्या सत्कार.

"बुवा, लोक काय म्हणतात ठाऊक आहे?" रणधीरचा आवाज चढला. "म्हणतात, जगाच्या बापांना शाली वाटतोय न् स्वतःचा बाप मठात भाकरी खातोय. उद्या स्टेजवर पहिली खुर्ची त्यांची आहे. ती रिकामी राहिली तर मी तोंड कुठं दाखवू?"

"खुर्ची काढून टाक."

"चेष्टा करू नका!"

बुवांनी पुसलेला द्रोण उपडा ठेवला. दुसरा घेतला.

"असं मी काय वाईट केलं?" रणधीर म्हणाला. "माइकवर त्यांची गोष्टच सांगितली ना? खोटी होती का? बर्फातली चौकी. अण्णा आणि तो भिकाजी राणे. दोघांना मिळून एकच ताट. अर्धं याचं, अर्धं त्याचं. आणि त्याच ताटावर, अण्णांच्या डोळ्यांदेखत, भिकाजीला गोळी लागली. लोक रडले बुवा! बायाबापड्या पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. मागं संगीत लावलं होतं. टाळ्या थांबेनात."

"आणि सर्जेराव?"

"ते... ते उठून गेले."

मी भाकरी उलटायची विसरले, ती करपली.

"ती गोष्ट तुला कुणी सांगितली?" बुवांनी विचारलं.

"आईनं. लहानपणी. अण्णांनी तिला एकदाच सांगितली होती."

"तुला?"

"...मला कधीच नाही."

तेवढ्यात गोठ्यातनं वासरू हंबरलं. रणधीरनं तिकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. वासराच्या पाठीवर शाल होती. जरीच्या काठाची. रणधीरचं नाव कोपऱ्यात छापलेली.

"ही... माझी शाल?"

"पहाटे गारठा असतो," बुवा म्हणाले.

झालं! रणधीर भडकलाच.

"बुवा, एक लक्षात ठेवा. हा मंडप, हे पत्रे, मी घातलेत. बापाला माझ्यापासनं तोडणाऱ्या मठाला मी एक खिळाही देणार नाही. उद्या माणसं पाठवून हे सगळं उतरवून नेईन."

माझ्या हातात पळी होती. ती त्याच्या डोक्यात घालावी असं फार वाटलं. पाहुण्याला तसं करता येत नाही, म्हणून राहिलं.

बुवा शांतपणे म्हणाले, "ने की. पण आज नको. आज माणसं जेवायची आहेत."

आणि माणसं यायलाच लागली होती. वसुबारसेला गावातल्या साऱ्या निवृत्त फौजींनी मठात जेवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. भाषण नाही, हारतुरे नाहीत. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, वर गुळाचा खडा. हातपाय धुवायचे, पानावर बसायचं, जेवायचं न् जायचं. कुणाची कंबर मोडलेली, कुणाला ऐकू येत नाही, एक सुभेदार तर नातवाच्या पाठीवर बसून आले. माणसं बसली, पत्रावळी मांडल्या.

सर्जेराव सगळ्यांत शेवटी बसले. गोठ्याच्या अंगाला. लेकाकडं त्यांनी बघितलं नाही.

रणधीरनं पाहिलं. बघतच राहिला. मग बुवांजवळ उकिडवा बसला न् हळू आवाजात म्हणाला, "स्टेज जाऊ द्या, बुवा. आई वर्षभर दोन ताटं वाढते न् एक झाकून ठेवते. यंदा आकाशकंदील लावू दिला नाही तिनं. मला... मला माझा बाप घरी पाहिजे."

हे मात्र खरं बोलला. मलाही वाईट वाटलं, कशाला लपवू?

बुवांनी द्रोण खाली ठेवले.

"वाढायला माणूस कमी आहे," ते म्हणाले. "भाजीची बादली घे."

"वाढलं तर सांगाल त्यांना?"

"आधी वाढ."

रणधीरनं बाह्या सारल्या. माझ्या हातनं बादली घेतली. जाता जाता दाराकडं बघून म्हणाला, "बबन, डबे काढून ठेव. आणि हे घे रे जरा."

बबन म्हणजे त्याचा माणूस. त्यानं लगेच मोबाइल वर धरला. त्याच्या पायाशी फराळाच्या डब्यांची चळत होती. प्रत्येक झाकणावर रणधीरचा हात जोडलेला फोटो.

बुवांनी एक डबा उचलून न्याहाळला. "हात जोडलेत खरे," म्हणाले, "पण बघतोयस कॅमेऱ्याकडं."

"देणाऱ्याचं नाव नको का, बुवा? मी देतोच आहे ना?"

"देतोयस. कुणाला?"

रणधीर बादली घेऊन पंगतीत शिरला.

आणि काय सांगू तुम्हाला! "राम राम सुभेदार! ओळखलंत का? नाईकसाहेब, उद्या यायचं बरं का!" प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून हसत, मध्येच बबनकडं बघत, पळी चालवत निघाला. ओळखीच्याला दोन पळ्या, बिनओळखीच्याला अर्धी. सुभेदारांच्या पानाऐवजी रस्सा त्यांच्या मांडीवर गेला. म्हातारा चटकन् मागं सरला, पण बोलला नाही. लोकच तसले, बोलायचे नाहीत.

"थांब," बुवा म्हणाले.

सगळी पंगत तिकडं बघायला लागली.

"या मठात वाढणाऱ्याला एकच नियम आहे. तू विसरलास?"

रणधीरचे कान लाल झाले. एवढ्या माणसांत! पण लहानपणी शंभरदा ऐकलेलं होतं, तोंडातनं निघालंच.

"पानाकडं बघायचं. तोंडाकडं नाही."

"मग?"

...

तो खाली वाकला. सुभेदारांची मांडी स्वतःच्या उपरण्यानं पुसली. आणि मान खाली घालून वाढायला लागला.

आता कुणाचं नाव नाही, हसणं नाही. एका पानावर भाजी तशीच होती, भाकरी संपलेली. त्यानं मला हाक मारली, "मावशी, इथं भाकरी." एका पानावर भाकरी मोडायला हातच चालत नव्हता. रणधीर बसला, चुरून दिली, उठला. कुणाची ते त्यानं पाहिलं नाही. मी पाहिलं. वरच्या आळीतले शेलार. रणधीरशी बांधावरनं भांडण असलेले.

असा सरकत सरकत तो शेवटच्या पानापाशी आला.

तिथं थांबला.

सर्जेरावांची पत्रावळ. भाकरी डाव्या अंगाला. मीठ डाव्या अंगाला. पाण्याच्या थेंबाची बारीक रेघ मधून ओढलेली. आणि उजवं अंग रिकामं. स्वच्छ. त्यावर फक्त भाकरीचा अर्धा तुकडा, मोडून, नीट ठेवलेला. त्याला हात लावलेला नव्हता.

मी रोज बघत होते ते. बुवाही बघत होते. आम्ही कधी विचारलं नाही.

रणधीर तसाच वाकलेला. बादली हातात लोंबत होती. ज्या ताटाची गोष्ट त्यानं हजार माणसांना ऐकवली, ते ताट सर्जेराव घरी होते तोवर रोज त्याच्याच घरात मांडलं जात होतं, आणि त्याची नजर कधी त्यावर गेली नव्हती. हा जेवायचा मोबाइल बघत, दुसऱ्या खोलीत.

बबन पुढं सरकला. मोबाइल जवळ आणला त्यानं.

"बबन," रणधीर वर न बघता म्हणाला, "खिशात घाल ते."

"साहेब, मस्त शॉट..."

"खिशात घाल!"

बबननं घातला.

रणधीरनं पळीभर भाजी घेतली. डाव्या अंगाला वाढली. मग आणखी एक पळी घेतली. उजव्या अंगाला, त्या अर्ध्या भाकरीशेजारी, अगदी हळू वाढली.

सर्जेरावांचा हात थांबला.

मला वाटलं, आता म्हातारा उठणार. गेल्या वर्षीसारखा. बुवा खांबाला टेकून उभे होते, त्यांचाही हात माळेवर थांबलेला मी पाहिला.

सर्जेराव त्या भाजीकडं बघत राहिले.

...

"त्याला तिखट सोसत नाही," ते म्हणाले.

वर्षभरात लेकाशी बोललेलं पहिलं वाक्य.

रणधीरनं बादली खाली ठेवली. उजव्या अंगाची भाजी आपल्या एका तळहातावर काढून घेतली, रस्सा बोटांमधनं सांडला तरी. उठून माझ्याकडं आला न् दुसरा हात पुढं केला. मी त्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मोठा ठेवला. माझ्या डोळ्याला पाणी आलं होतं, आणि धुराचं निमित्त सांगायला तेव्हा चुलीत धूरही उरला नव्हता.

त्यानं गूळ उजव्या अंगाला ठेवला.

सर्जेरावांनी पहिला घास मोडला. तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिले.

रणधीर पानासमोर बसून होता. मान खालीच. लहान पोरानं विचारावं तसं विचारलं त्यानं, "अण्णा... आईला सांगू का? एक भाजी बिनतिखटाची कर म्हणून?"

सर्जेरावांनी घास गिळला. पाणी प्यायले. फुलपात्र खाली ठेवलं.

"...सांग."

रणधीर पुढं काही बोलणार होता. स्टेजचं, माफीचं, कशाचं ते देव जाणे. त्याचं तोंड उघडलं होतं.

खांबापाशी बुवा खाकरले.

"बादली उचल, रणधीर. अजून एक पंगत बसायची आहे."