नववी खिडकी

एका नगरीत एक शिंपीण होती. हात असा की कापडाने तिचं ऐकावं, आणि जीभ अशी की राणीच्या कारभाऱ्यानेही गुमान ऐकून घ्यावं. तिच्या घराण्याने तीन पिढ्या राजवाड्यासाठी घोड्यांच्या झुली शिवल्या, तंबू शिवले, कनाती शिवल्या. पण वाड्याच्या आत मिरवेल असं काम शिंपीआळीला कधी मिळालं नव्हतं. उत्सवाच्या पहिल्या पंगतीत सोनारांचा पाट असे, सुतारांचा असे, गवंड्यांचाही असे. शिंप्यांचा नसे. ही गोष्ट तिला फार बोचायची.

एके वर्षी राणीने नवा दरबार महाल बांधला आणि शिंपिणीला बोलावणं धाडलं.

"महालाच्या सगळ्या खिडक्यांना माथ्यावर झोळदार झालरी हव्यात," राणी म्हणाली. "उत्सवाच्या दिवशी एकही खिडकी झालरीविना उघडी दिसली नाही, तर पहिल्या पंगतीत तुमच्या आळीचा पाट."

शिंपीण त्या दिवशी घरी चालत आली की तरंगत, तिचं तिलाच कळलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, खिडकीवरची झालर ती काय, दोन टाके मारले की झाली. करून बघा म्हणजे कळेल. झोळ गोल आणि मऊ पडायला कापड तिरकं कापावं लागतं. आणि तिरकं कापलेलं कापड टांगलं की आपल्याच वजनाने खाली उतरतं, इथे बोटभर, तिथे दोन बोटं. म्हणून शिंपीण कापलेली झालर तीन दिवस घरच्या तुळईला लोंबत ठेवायची. उतरायची तेवढी उतरली, की मग काठ सारखा करून दुमडायची. सगळ्यांत शेवटी कोपऱ्यात लाल दोऱ्याची इवलीशी चिमणी भरायची. ती तिच्या घराण्याची खूण. चिमणी बसली की काम तिच्या नावावर लागलं.

महालात जाऊन तिने खिडक्या मोजल्या, आठ भरल्या. आठ झालरी कापल्या, टांगल्या, दुमडल्या, आठ चिमण्या भरल्या. उत्सव दोन दिवसांवर आला तेव्हा ती झालरी लावायला गेली आणि जागीच थबकली. कोपऱ्यातली गवंड्यांची परांची आता काढलेली होती आणि तिच्यामागे नववी खिडकी होती. मोजताना तिने परांचीमागे डोकावलंच नव्हतं.

"आता काय करणार, बाई?" कारभारी म्हणाला. "शिवून टाका आजच्या आज."

"कापड लोंबायला तीन दिवस लागतात, कारभारीसाहेब."

"लोंबेल की खिडकीवरच. पंगत परवा आहे. झालर उतरायची ती नंतर उतरेल, तेव्हा कोण वर बघतंय?"

शिंपीआळीत तिकडे पंगतीसाठी धोतरं धुऊन वाळत पडली होती. म्हाताऱ्यांनी ठेवणीतले फेटे बाहेर काढले होते. शिंपिणीने ते पाहिलं आणि मन घट्ट करून झालर कापली, लगेच दुमडली, दुसऱ्या दिवशी खिडकीवर चढवली. खरं सांगायचं तर झालर सुरेख दिसत होती. इतर आठांत ठेवली तर ओळखू येऊ नये अशी.

मग तिने सुईत लाल दोरा ओवला, शिडीवर चढली, कोपरा हातात धरला आणि तशीच उभी राहिली. सुई काही टोचेना. तिला समोर दिसत होतं, आठ दिवसांनी या झालरीचा डावा झोळ दोन बोटं खाली येणार, आणि त्याखाली आपली चिमणी बसलेली असणार.

इतक्यात राणी महाल बघायला आली. तिने एकेक कोपरा न्याहाळला.

"आठांवर चिमणी आहे. नवव्या झालरीवर का नाही?"

"कारण ती अजून माझी झालेली नाही, राणीसाहेब," शिंपीण शिडीवरून उतरत म्हणाली. "खिडक्या मोजताना मी चुकले. मग घाईने शिवली. आज सरळ दिसते, आठ दिवसांनी वाकडी होईल. ही मी काढून नेते."

"अट ठाऊक आहे ना? खिडकी उघडी राहिली तर पाट नाही."

तीन पिढ्या वाट पाहिलेला पाट होता तो. पण तिने मान ताठ ठेवली.

"पाट पुढच्या वर्षीही मांडता येईल. वाकड्या कामावर बसलेली चिमणी मला उडवता यायची नाही."

तिने झालर उतरवली, काठ उसवला आणि घरी नेऊन तुळईला टांगली. आळीत कोणी तिच्याशी धड बोललं नाही. फेटे पुन्हा पेटीत गेले.

उत्सवाच्या दिवशी शेजारच्या राज्याची राणी पाहुणी आली. पानावर बसता बसता तिने विचारलं, "ही एकच खिडकी उघडी कशी?"

कारभारी घाईने काहीतरी सारवासारव करू लागला. राणीने त्याला हाताने थांबवलं.

"आमच्या शिंपिणीचं काम अजून पुरं झालेलं नाही," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा ऊर अभिमानाने भरून आला. "पुरं झाल्याशिवाय ती त्यावर नाव घालत नाही. हातचा पाट गेला तरी नाही."

पाहुणी पानावरून उठली. आठही झालरींखाली सावकाश फिरली. प्रत्येक झोळ दुसऱ्याशी तंतोतंत जुळत होता.

"ती खिडकी उघडी नसती, तर मी वर बघितलंही नसतं," ती म्हणाली. "कुठे आहे ही बाई?"

राणीने तिथल्या तिथे पहिल्या पंगतीत एक पाट मांडायला लावला आणि पालखी धाडली. पालखी रिकामीच परत आली. सोबत निरोप होता, "कापडाचा अजून एक दिवस बाकी आहे. लोंबतं काम सोडून कशी येऊ?"

राणी मनापासून हसली. "मग पाट हलवू नका," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिंपिणीने काठ दुमडला, झालर चढवली, चिमणी भरली. आणि राणीने केवळ तिच्यासाठी पुन्हा पंगत मांडली. पहिल्या पाटावर शिंपीण बसली, तिच्या शेजारी फेटे बांधून सगळी शिंपीआळी. वर नऊ चिमण्या एका रेषेत होत्या. तिने एकदाच मान वर करून पाहिलं आणि मग पोटभर जेवली.

तात्पर्य: ज्या कामावर नाव घालायला आपलाच हात कचरतो, ते काम अजून व्हायचं असतं, आणि तसं उघड सांगणाऱ्याच्या नावाला मान आपण होऊन येतो.