लांब लेन्स आणि मठ्ठ्याचं पातेलं

मोबाइल फक्त बोलायच्या कामाचे होते, त्या काळातली गोष्ट. लग्नाचे फोटो काढणाऱ्या हणमंत दुधाळच्या पिशवीत एक साधा कॅमेरा आणि दोन स्वस्त लेन्स होत्या. एक दुधीभोपळ्याएवढी लांब, दुसरी चहाच्या कपाएवढी बुटकी.

“वेशीवरच्या कावळ्याचं पीस दाखवते मी,” लांबी म्हणाली. “तू गं?”

“मला समोरचंच दिसतं, पण अंधुक उजेडातही दिसतं,” बुटकी म्हणाली.

कॅमेरा म्हणाला, “मला लांबीच हवी. ती लावली की वऱ्हाडी मला साहेब म्हणतात.”

एका लग्नात कार्यालय निघालं अरुंद, दिवे मिणमिणते. मंगलाष्टकं सुरू झाली.

“काय दिसतंय?” कॅमेऱ्याने विचारलं.

“नवरदेवाचं अर्धं नाक.”

हणमंत मागे सरकला.

“आता?”

“अख्खं नाक.”

“आणि नवरी?”

“अजून मागे!”

सरकत सरकत हणमंत भटारखान्यात पोचला आणि मठ्ठ्याच्या पातेल्यात बसला.

“आता दिसतायत दोघं!” लांबी ओरडली. “पण इतक्या कमी उजेडात मला नीट काढता येत नाही.”

तेवढ्यात अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, माळाही घालून झाल्या. मठ्ठा निथळणारा कॅमेरा हळूच म्हणाला, “बुटके, ये बाई.”

त्या अल्बमच्या पहिल्या पानावर नाक आहे. पुढच्या सगळ्या पानांवर बुटकीने काढलेली माणसं पोट धरून हसतायत. ज्यांना हसतायत, ते साहेब मात्र एकाही फोटोत नाहीत.