बाराव्या मिनिटाला

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात हणमंतराव घोडके नावाचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर एकटेच राहत होते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या गाडीखाली एक कोंबडीही मेली नाही, असं लोक सांगायचे. हे पूर्ण खरं नव्हतं. दोन मेल्या होत्या.

शेवटची अठरा वर्षं त्यांच्या गाडीवर जयसिंगराव कोळेकर कंडक्टर होते. ते त्याच आळीत राहायचे. मागच्या जूनमध्ये जयसिंगरावांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, पण बोलणं गेलं. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, भागीरथीवहिनींना, स्पष्ट सांगितलं, की वाचा परत यायची ती बहुतेक पहिल्या वर्षातच येते. त्यांना बोलायला लावा, नुसतं बसवून ठेवू नका.

हणमंतरावांकडे एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर बस चालवायचा एक गेम होता. कुठल्या तरी परदेशातला डोंगरी रस्ता आणि त्यावर बावीस थांबे. रोज दुपारी वहिनी जयसिंगरावांना हाताला धरून आणायच्या आणि खुर्चीत बसवायच्या. हणमंतराव गाडी सुरू करायचे आणि प्रत्येक थांब्यावर विचारायचे, "मास्तर, पुढचा थांबा कुठला?" पडद्यावरच्या परदेशी नावांशी दोघांना काही देणंघेणं नव्हतं. जयसिंगरावांनी आपल्या जुन्या रूटवरचे थांबे ओळीने सांगायचे, आणि नाव आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा नियम होता. पहिले दोन महिने घशातून नुसता आवाज आला. मग एक दिवस "माळवाडी" आलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी "जकात नाका". एप्रिल उजाडेपर्यंत मास्तर नवव्या थांब्याला पोचले. दहावा घाटात होता.

नेमका तेव्हाच गेम अडखळायला लागला. रस्ता मधेच थिजायचा आणि मग एकदम उडी मारून पुढे यायचा. ते हिसके बघून जयसिंगरावांना भोवळ यायची. ते डोळे मिटून घ्यायचे, आणि डोळे मिटले की तोंडही मिटायचं. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी त्यांनी माळवाडीसुद्धा म्हटलं नाही.

"भावजी, राहू द्या आता," वहिनी म्हणाल्या. "तुमचा तरी जीव किती खायचा आम्ही."

"वर्ष संपायला दोन महिने आहेत, वहिनी. गाडी वाटेत सोडून मी कधी घरी आलो नाही."

बाजारपेठेतल्या कॉम्प्युटर दुकानाच्या शिरीष पाटणेने फोनवरच निकाल दिला. मशीन अकरा वर्षांचं, आता ते भंगारात शोभेल. नवीन घ्यायचं नसेल तर गेममधल्या सावल्या बंद करा, रस्त्यावरची वाहनं कमी करा, मागे चालणारे प्रोग्रॅम थांबवा, आतली धूळ काढा. सगळं एकदम करून टाका काका, कशाने ना कशाने चालेल.

हे "कशाने ना कशाने" हणमंतरावांना पटलं नाही. ड्युटी संपली की ड्रायव्हरने गाडीतले दोष डेपोच्या वहीत लिहायचे असतात. नवा ड्रायव्हर लिहितो, "ब्रेक खराब," आणि मेकॅनिक दिवसभर ब्रेक खोलत बसतो. मुरलेला ड्रायव्हर लिहितो, "उतारावर तिसऱ्या वळणानंतर डावीकडे ओढते." काय झालं, कुठं झालं, किती वेळाने झालं, एवढंच लिहायचं. कारण मागाहून. हणमंतरावांनी शंभर पानी वही आणली आणि दिवसाला एकच बदल करायचा, असं ठरवलं.

सोमवारी सावल्या बंद केल्या. बाराव्या मिनिटाला गेम अडखळला. मंगळवारी वाहनं कमी केली. पुन्हा बारावं मिनिट. बुधवारी मागे चालणारं सगळं थांबवलं. साडेबारा मिनिटं. गुरुवारी कॉम्प्युटरची पेटी उघडून ब्रशने धूळ काढली, ती ओंजळभर निघाली. त्या दुपारी गेम चाळीस मिनिटं एकदाही अडला नाही आणि जयसिंगराव सहाव्या थांब्यापर्यंत बोलले. हणमंतरावांनी आनंदाच्या भरात वहीत लिहून टाकलं, "दोष: धूळ." एखाद्या नव्या ड्रायव्हरने असं लिहिलं असतं, तर त्यांनीच त्याला झापलं असतं.

शुक्रवारी बाराव्या मिनिटाला गेम अडखळला.

एका रात्रीत ओंजळभर धूळ साचत नाही. हणमंतराव वही घेऊन बसले आणि गुरुवारचा सगळा दिवस आठवू लागले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की त्या दिवशीची एक गोष्ट वहीत नाही.

पेटीवर एक कापडी कव्हर असायचं. कॉम्प्युटर घरात आला तेव्हा अनसूयाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, आपल्या जुन्या इरकली लुगड्याचं ते शिवलं होतं. दसऱ्याला गाडीला लावतात तशी त्याला चारी बाजूंनी झालर होती. त्या होत्या तोवर मशीन लावताना आठवणीने कव्हर काढून ठेवायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून हणमंतराव ते काढतच नसत. बटण दाबण्यापुरतं पुढून दुमडायचे आणि मशीन कव्हराच्या आतच चालायचं. यंदा मशीन रोज चालायला लागलं, तरी पावसाळ्यात आणि थंडीत ते खपून गेलं; उन्हाळा लागला तशी आतली गरमी कोंडायला लागली. गुरुवारी मात्र धुळीने मळलं म्हणून त्यांनी कव्हर धुऊन दोरीवर टाकलं होतं आणि संध्याकाळी वाळल्यावर पुन्हा चढवलं होतं. बदल दोन झाले होते, नोंद एकाचीच होती.

त्यांना सगळं कळलं. पण लिहायला हात धजेना.

शनिवारी त्यांनी मशीन खिडकीशी नेलं. तेरावं मिनिट. रविवारी समोर टेबलफॅन लावला. साडेतेरा. हे सगळं त्यांनी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, फक्त ती एक गोष्ट सोडून. रविवारी जयसिंगराव पूर्ण वेळ डोळे मिटून बसले होते. जाताना वहिनी दारात थांबल्या आणि म्हणाल्या, की उद्यापासून आणत नाही. त्यांना त्रास होतो आणि मला तो बघवत नाही.

सोमवारी सकाळी हणमंतरावांनी वही उघडली. गुरुवारच्या पानावर "दोष: धूळ" खोडलं आणि खाली लिहिलं, "त्या दिवशी कव्हर नव्हतं." एकदा वाचून पाहिलं. मग उठून कव्हर काढलं, नीट घडी घातली आणि कपाटात ठेवून दिलं. दुपारी मशीन सुरू करून पाठीमागच्या पंख्यापाशी हात धरला. गरम वारा मोकळा बाहेर पडत होता.

ते स्वतः कोळेकरांच्या घरी गेले. एकच दिवस द्या, म्हणाले. वहिनींनी नवऱ्याच्या पायात चपला सरकवल्या.

बारावं मिनिट आलं आणि गेलं. रस्ता सरळ धावत राहिला. जयसिंगरावांनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. माळवाडी आलं. जकात नाका आला. पाचव्या थांब्यावर गाडी बराच वेळ उभी राहिली, सातव्यावर त्याहून जास्त. हणमंतरावांनी घाई केली नाही. तासाभराने नववा थांबा मागे पडला आणि घाट सुरू झाला.

"मास्तर, पुढचा थांबा कुठला?"

जयसिंगरावांच्या कपाळावर घाम आला. ओठ दोनतीनदा हलले.

"खिं... खिंड."

हणमंतरावांना राहवलं नाही. त्यांनी वळणावरच गाडी दामटली. तेव्हा शेजारच्या खुर्चीतून, दहा महिन्यांत पहिल्यांदाच, अख्खं वाक्य आलं.

"हणमंता, हळू घे. मागं माणसं बसलीत."

मागे एकट्या भागीरथीवहिनी बसल्या होत्या. हणमंतरावांनी गाडी हळू घेतली.

तात्पर्य: दोष शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि घडलं ते सगळं लिहावं; जिच्यात आपला जीव गुंतला आहे, ती गोष्टही तपासणीतून सोडू नये.