टिटवीची पारख

माणसांनी अजून डोंगर फोडायला घेतले नव्हते, तेव्हाची गोष्ट. माळावरच्या एका टिटवीला दगडांची भारी पारख होती. आरपार दिसतो तो स्फटिक, अंगावर पट्टे असतात तो अकीक आणि बाकी सगळे नुसते गोटे, असं ती पाखरांना ऐटीत सांगायची. तिची स्वतःची चार अंडीही हुबेहूब खड्यांसारखी होती, म्हणून ती उघड्यावर असूनही कुणाच्या नजरेत भरत नसत.

एके दिवशी भुकेलं मुंगूस आलं. "टिटवीबाई, इथे अंडी आहेत का गं?"

टिटवीने पलीकडचा पेरूएवढा गोटा दाखवला. "ते बघ की, केवढं मोठं अंडं!"

"आणि तुझ्या पायाशी?"

"ते होय? ते खडे."

मुंगसाने गोटा उचलला आणि सवयीप्रमाणे मागच्या पायांमधून खडकावर भिरकावला. टिटवी मनात हसत होती. तिसऱ्या खेपेला गोटा उकलला. आत पातळ कवच होतं आणि त्यात मान मुडपून झोपलेलं, दगड झालेलं पिल्लू.

याच गोट्यावर टिटवी रोज चोच घासायची.

"अगं, खरंच अंडं होतं की!" मुंगूसही थक्क झालं. "मग हे चार?"

'खडे' म्हणायला तिने चोच उघडली, पण नजर त्या उकललेल्या गोट्यावर गेली. ती झटकन खाली बसली आणि पंख पसरून तिने ते चारी खडे पोटाशी घेतले.

मुंगसाला आता काही विचारायचं उरलं नाही.