न मिसळलेला काला

दुधना नदीच्या काठी हिवरदरी नावाचं गाव आहे. तिथल्या मारुतीच्या देवळामागे, मोठ्या चिंचेखाली, श्रीलिंबाजी महाराज राहत असत. ही गोष्ट निजामाच्या राजवटीतली. एक घोंगडी, एक कटोरा आणि फटकळ जीभ, एवढीच काय ती महाराजांची मालमत्ता. आज तिथे संगमरवरी मंदिर उभं आहे, दर्शनाच्या दोन रांगा आहेत, आणि महाराजांची घोंगडी काचेच्या पेटीत आहे. पेटीला कुलूप आहे. जन्मभर ज्यांनी कशाला कडी लावली नाही, त्यांची घोंगडी आम्ही कुलपात ठेवली! असो. सुरुवातीलाच चिडलो तर कथा राहून जाईल.

महाराजांच्या लीला पुष्कळ आहेत. आटलेल्या आडाला पाणी कसं आलं, फौजदाराचा घोडा जागीच कसा खिळला, त्या सगळ्या मंदिराच्या भोंग्यावरून सकाळ-संध्याकाळ ऐकवल्या जातात. आज जी सांगतो आहे ती भोंग्यावर लागत नाही. का लागत नाही, ते ऐकल्यावर तुमचं तुम्हाला समजेल.

त्या वर्षी हिवरदरीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. सकाळी बोलता-चालता माणूस संध्याकाळी आडवा व्हायचा. लोक घरंदारं सोडून मळ्यात जाऊन राहिले. घरात माणूस गेलं तर त्याला उचलायला भाऊ भावाच्या दारात येईना. सोजरबाईचा एकुलता एक मुलगा याच साथीत गेला. ती दारोदार हाका मारत फिरली. कुणी बाहेर आलं नाही. शेवटी तिनं मुलाला एकटीनं बैलगाडीत घातलं आणि नदीवर नेलं. परतताना वाटेत एका घरात दुसरं मढं पडलेलं दिसलं. तिनं गाडी थांबवली. मग ती रोजच गाडी जुंपू लागली. कोण कुणाचं, हे तिनं विचारलं नाही. सोजरबाई कोणत्या जातीची होती हे तुम्ही मनात विचारलंच असेल. मी सांगणार नाही.

साथ गेली, लोक घरी परतले. आणि ज्या बाईनं गावाची मढी उचलली, तिलाच गावानं वाळीत टाकलं! तिच्या हाताला मरण लागलंय म्हणे. तिला पाणवठा बंद, दळणाचं जातं बंद, कुणी विस्तवसुद्धा देईना. यात पुढे होते दाजीबा कारभारी. देवळाचा सगळा कारभार त्यांच्या हातात. साथीत ते सगळं बिऱ्हाड घेऊन मळ्यावर गेले होते आणि म्हातारी आई घरी राहिली होती. तिला नदीवर कुणी नेलं, हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. बोललं मात्र कुणी नाही.

ही फार जुनी गोष्ट आहे असं समजून तुम्ही सुस्कारा सोडला असेल, तर थांबा. परवाच्या साथीत तालुक्याच्या दवाखान्यात काम करणारी एक आया आमच्याच गावात भाड्यानं राहत होती. संध्याकाळी आम्ही ओट्यावर उभे राहून थाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या सकाळी तिचं सामान रस्त्यावर काढलं. सामान काढणारे सगळे माळकरी होते. त्यांच्या गळ्यातल्या माळा मी पाहिल्या आहेत. चांगल्या जाडजूड होत्या.

तर, साथ सरल्याबद्दल हिवरदरीत मारुतीपुढे सप्ताह बसला. सप्ताहाची एक रीत असते. पहिल्या दिवशी गळ्यात घेतलेली वीणा काला वाटेपर्यंत खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. आणि शेवटच्या दिवशीच्या काल्याला प्रत्येक घरातून शिदोरी यायची. कुणाच्या लाह्या, कुणाचे पोहे, कुणाची चटणी-भाकरी. सगळं एका हंडीत कालवायचं आणि सगळ्यांनी खायचं. हिवरदरीत या रीतीला आणखी एक अर्थ होता. ज्याची शिदोरी काल्यात गेली ते घर गावात, ज्याची गेली नाही ते गावाबाहेर.

काल्याच्या सकाळीच सोजरबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मुलगा गेला तेव्हा सून पोटुशी होती, आणि पहिलटकरीण होती. सोजरबाई धावत अनसा सुईणीकडे गेली. अनसा दारात आली, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना.

“माय, मला का कळत न्हाई?” अनसा डोळे पुसत म्हणाली. “पण मी तुपल्या घरात आले की मपल्याबी घरचं पाणी तोडतील. आज तुपली शिदोरी काल्यात जाऊ दे. ती हंडीत पडली की मी त्याच पायी येते बघ.”

सोजरबाई घरी आली. मडकी धुंडाळून ओंजळभर ज्वारीच्या लाह्या निघाल्या. त्या पदरात बांधून, शेजारपाजारी कुणी नसल्यानं सुनेला एकटीलाच घरात ठेवून, ती देवळाकडे निघाली.

काल्याचं कीर्तन संपत आलं होतं. सोजरबाई पायरीखाली उभी राहिली. दाजीबा कारभारी तिथेच होते.

“कामून आलीस गं सोजरे?” कारभारी मोठ्यानं म्हणाले, म्हणजे चार लोकांनी ऐकावं. “गाडी आणली का संगं? इथं कुणी मेलेलं न्हाई बरं का!”

माणसं हसली. आपल्या घरचं मढं जिनं उचललं तिला ती माणसं हसली. एवढं निर्लज्ज हसू देवाच्या दारातच ऐकू येतं, असा माझा अनुभव आहे.

“शिदोरी आणली, कारभारी,” सोजरबाई म्हणाली. “सून अडलीय. तेवढी काल्यात घ्या.”

“मढ्याच्या हातचा काला गावानं खायचा व्हय?”

एवढ्यात चिंचेखालून महाराजांचा आवाज आला. महाराज म्हणाले, “कारभारी, शिदोरी घ्या तिची.”

महाराजांच्या शब्दाला तोंडावर नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. कारभाऱ्यांनी लवून हात जोडले. “जशी आज्ञा, महाराज.” लाह्या घेतल्या आणि ते आत गेले. आत गेल्यावर त्यांनी एक लहान हंडी मागवली. सोजरबाईच्या लाह्या तीत टाकल्या, वर थोडं दही घातलं आणि सांगितलं, “ही महाराजांपुढं ठेवा. आपला काला मोठ्या हंडीत.” आज्ञाही पाळली आणि विटाळही टाळला. आपल्याकडे कायदे असेच पाळले जातात.

सोजरबाईनं दारातून दोन हंड्या पाहिल्या. शिदोरी हंडीत पडते का ते बघायला मागोमाग आलेल्या अनसानंही पाहिल्या आणि मान खाली घातली. सोजरबाई भांडली नाही, रडली नाही. घरी सून एकटी होती, म्हणून आल्या वाटेनं परत गेली.

महाराजांपुढे लहान हंडी आली. महाराजांनी ती मांडीवर घेतली आणि खायला लागले. इकडे मोठ्या हंडीत घट्ट दही ओतलं. कारभाऱ्यांनी बाह्या मागे सारून हात घातला आणि कालवू लागले. कालवतात, कालवतात, पण काला होईना! दही निथळून तळाला गेलं आणि लाह्या वर कोरड्याच्या कोरड्या. पुन्हा दही घातलं. पुन्हा तेच. आणि मग लोकांनी हंडीत वाकून पाहिलं तर काय? जिकडची शिदोरी तिकडे वेगळी होऊन बसलेली! इकडे एकाचे पोहे, तिकडे दुसऱ्याची भाकरी, कडेला जवसाच्या चटणीचा गोळा. जो तो आपली शिदोरी ओळखू लागला.

“ही तर आमची चटणी,” एक बाई म्हणाली.

“आन् ह्या सोंडे पडलेल्या लाह्या कुणाच्या?”

कारभारीणबाईंनी पदर तोंडावर ओढला. गावातल्या सगळ्यात मोठ्या घरातून देवासाठी गेल्या सालच्या किडक्या लाह्या आल्या होत्या. काल्यात मिसळल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं.

आता मात्र लोकांचं हसू मावळलं. काला नाही तर वीणा खाली ठेवता येत नाही. वीणेकरी म्हातारा सकाळपासून उभा, त्याचे पाय थरथरत होते. कुणीतरी म्हणालं, “सप्ताह मोडला. पटकी पुन्हा येती.” त्यासरशी बाया पोरांना छातीशी धरून रडू लागल्या. इतका वेळ सोजरबाईसाठी ज्यांच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब आला नव्हता, त्यांना आता रडू फुटलं. भक्ती दुसऱ्या कशानं येत नसेल, पण भीतीनं लवकर येते.

कारभारी धावत चिंचेखाली गेले. “महाराज, चुकलो! आपल्या हंडीतला घासभर द्या. मोठ्या हंडीत टाकतो.”

महाराजांनी हंडी उपडी करून दाखवली. ती चाटूनपुसून स्वच्छ होती. महाराज म्हणाले, “संपला. लई गोड व्हता.”

“मग आता काय करावं?”

“जिची शिदोरी भायेर ठेवली तिच्या दारात जा. हंडी घेऊन जा.”

“आपण तरी संगं चला, महाराज.”

“मपलं काय काम तिथं?” महाराज कडाडले. “जाताना अनसाला न्या. देवाला बाळंतपण जमत न्हाई, कारभारी. त्यानं त्यापायी तुमच्या गावात सुईण ठेवलीय.”

दोघांनी हंडी उचलली. पुढे कारभारी, मागे वीणेकरी, त्यामागे सगळं गाव. घाईत कारभाऱ्यांना हंडी तेवढी लक्षात राहिली, अनसा राहिली नाही. ती आपली आपणच लोकांच्या मागून निघाली.

सोजरबाईच्या दारात येऊन कारभारी थांबले. आतून सुनेचं कण्हणं ऐकू येत होतं. कारभाऱ्यांनी हाक मारली.

“कोण हाय?” सोजरबाईनं आतून विचारलं.

“मी. दाजीबा.”

मग सोजरबाई म्हणाली, “कोण गेलं, कारभारी? जरा दम धरा. सुनेचं एवढं पार पडू द्या, मग जुंपते गाडी.”

तिच्या दारात माणूस फक्त मढ्यासाठी येतो, एवढंच तिला माहीत होतं. हे ऐकून बाहेरच्या एकालाही वर बघता येईना.

“कुणी गेलं न्हाई, सोजरबाई,” कारभारी म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘सोजरबाई’ पहिल्यांदाच निघालं. “काल्यासाठी शिदोरी पाहिजे. चिमूटभर द्या. काहीबी चालंल.”

“व्हती ती दिली की मघा. आता घरात काय बी न्हाई. आन् कारभारी, लेकरू आडवं आलंय. मला सुईण पाहिजे.”

कारभाऱ्यांनी मागे वळून पाहिलं. अनसा गर्दीतून पुढे आली होती. ती परवानगीसाठी थांबली नाही. कारभाऱ्यांना कोपरानं बाजूला सारून ती उंबरा ओलांडून आत गेली.

मग सगळं गाव त्या दारात, टळटळीत उन्हात उभं राहिलं. म्हातारा वीणा छेडत राहिला. त्या दिवशी हिवरदरीनं पहिल्यांदा सोजरबाईच्या घरासाठी देवाची करुणा भाकली असेल. त्यातही निम्म्यांना काल्याचीच काळजी होती, हे मी धरून चालतो. बऱ्याच वेळानं आतून लेकराचं रडणं ऐकू आलं, आणि अनसा ओरडली, “सुटली गं बाई सुटली! दोघंबी चांगली हायेत!”

सोजरबाई ओल्या हातांनी बाहेर आली. बाळंतिणीसाठी ठेवलेला गुळाचा एवढासा खडा तिच्या हातात होता. त्यातला अर्धा तिनं मोडून घेतला आणि हंडीत टाकला. कारभाऱ्यांनी हात घातला. एकदा फिरवला, आणि लाह्या, पोहे, भाकरी, दही असं सगळं एकजीव झालं! लोकांनी महाराजांच्या नावाचा गजर केला. वीणा खाली उतरली.

कारभाऱ्यांचे हात दह्यानं माखलेले होते. तसेच ते खाली बसले आणि सोजरबाईच्या उंबऱ्यावर त्यांनी डोकं टेकलं. “चुकलो, माय,” एवढंच त्यांना बोलता आलं.

सोजरबाई म्हणाली, “उठा, कारभारी. तुमची आय लई हलकी झाली व्हती. उचलायला काय बी जड गेली न्हाई.”

तो ताठ माणूस तिथे लहान लेकरासारखा हुंदके देऊन रडला. महाराज त्या वेळी चिंचेखाली झोपले होते, असं सांगतात.

आज मंदिरात या प्रसंगाचं मोठं चित्र आहे. त्यात महाराज उंच आसनावर बसले आहेत आणि कारभारी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून आहेत. सोजरबाई चित्रात नाही. मी विश्वस्तांना विचारलं तर म्हणाले, जागा पुरली नाही. काल्याला हल्ली पुन्हा दोन हंड्या असतात, एक सर्वांसाठी आणि एक मान्यवरांसाठी. यंदाही मी दोन्हींत वाकून पाहिलं. दोन्हीकडे काला छान मिसळला होता. महाराज आमच्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सोजरबाईचं घर पडून बरीच वर्षं झाली. उंबऱ्याचा दगड तेवढा जागेवर आहे. मान्यवरांच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं ठरलंय, आणि दिवाळीनंतर तो दगड उखडणार आहेत. भक्तजनहो, ज्यांना डोकं टेकायचं असेल त्यांनी तोवर येऊन जावं. तिथे रांग नाही.